पहिला घोट

मृत्युपत्र

मी, बानाबाई कडूबा सोन्नर, वय एकाहत्तर, धंदा शेती व मेंढरं, राहणार डोणवाडी, तालुका व जिल्हा छत्रपती संभाजीनगर, आज लिहून ठेवते की माझं डोकं जागेवर आहे. आधारकार्डावर माझं वय चार वर्षांनी कमी लागलंय. पुढं कोर्टात कुणी त्यावरून खुसपट काढू नये म्हणून आधीच सांगून टाकते. किडन्या मात्र दोन्ही गेल्यात. डॉक्टरांनी माझं पाणी मोजून दिलंय. सकाळी एक पेला, संध्याकाळी एक पेला, मधे तहान लागली तर नुसते ओठ ओले करायचे. जन्मभर विहिरीचं पाणी ओढलेल्या बाईच्या नशिबी हे यावं, याचं मला कधीकधी हसूही येतं. पण किडनी म्हणजे डोकं नव्हे. मला सगळं आठवतं, हीच तर माझी अडचण आहे.

हे मृत्युपत्र मी राजीखुशीनं करते. कुणाच्या धाकानं, भिडेनं किंवा गोड बोलण्याला भुलून करत नाही. माझ्याशी गोड बोलायचं गावानं कधीच सोडलंय. लिहिण्याचं काम गारखेड्याच्या वकीलबाई सोनिया यांनी केलं. भाषा त्यांनी सरळ करून दिली; जिथं मी अडून बसले तिथं माझीच ठेवली. मधेमधे त्या म्हणायच्या, "आजी, हे मृत्युपत्रात बसत नाही." मी म्हणायचे, "बसवा."

कलम १. माझे मालक कडूबा वारल्याला बरीच वर्षं झाली. आम्हाला दोन मुलगे. थोरला शिवशंकर, हा शहरात गारखेड्याला राहतो आणि एका कंपनीची बस चालवतो. धाकटा अजिनाथ. अजिनाथ दोन हजार एकोणीसच्या मे महिन्यात गेला. त्याची बायको मेघा माझ्याजवळ राहते आणि शेंद्र्याला कंपनीत पॅकिंगचं काम करते. त्यांची मुलगी प्रांजली कॉलेजात आहे. याखेरीज माझं कुणी वारस नाही. कडूबांच्या मागं झालेल्या वाटणीत जी मिळकत माझ्या नावावर लागली तेवढ्याचीच मी विल्हेवाट लावते.

कलम २. ओढ्याकडची कोरडवाहू जमीन शिवशंकरला द्यावी. शिवा, तुला विहीर देत नाही याचा राग धरू नको. तू मागल्या उन्हाळ्यात टँकरवाल्याला घेऊन आलास. त्यानं विहिरीत डोकावून बघितलं, खडा टाकून बघितला आणि म्हणाला, "उन्हाळ्यात एवढं पाणी? मावशी, तुमी सोन्यावर बसलाय." तू मला बाजूला घेऊन म्हणालास, "माय, या विहिरीनं माझा भाऊ खाल्ला. विकून टाकू अन् मोकळं होऊ." तुला पैशाची हाव नाही, हे मला कळतं. तुला ती डोळ्यासमोर नको आहे. पण तू गारखेड्याला राहतोस, तुला ती दिसत नाही. मला रोज दिसते, आणि तरी मी विकत नाही. मग तू कशाला विकतोस?

कलम ३. राहतं घर, त्यातली भांडीकुंडी, माझ्या गळ्यातली पोत आणि उरलीसुरली मेंढरं मेघाला द्यावीत. तिनं दुसरं लग्न करावं असं मी तिला तोंडानं सांगितलंय, आता लेखी सांगते. केलं तरी घर तिचंच राहील. शिवशंकरच्या बायकोनं त्यात नाक खुपसू नये. मेघा, माझी घोंगडी तू ठेव. चावते म्हणून तू पांघरत नाहीस, माहीत आहे. धुऊ मात्र नको, घोंगडी धुतली की ऊब जाते.

कलम ४. आता विहीर. विहीर व तिच्या भोवतालची मोकळी जागा, जनावरांच्या दगडी डोणीसह, माझी नात प्रांजली अजिनाथ सोन्नर हिच्या मालकीची होईल. चतुःसीमा अशी: पूर्वेला आप्पासाहेब दांडगे यांची मोसंबीची बाग, जी आता बाग राहिलेली नाही. दक्षिणेला गावात जाणारा रस्ता. पश्चिमेला माझं घर. माझ्या बाजेवरून विहिरीचा रहाट दिसतो. उत्तरेला साती आसरांचे, म्हणजे पाण्याच्या देवींचे, सात शेंदरी दगड आणि त्यामागं माळ.

या विहिरीची हकिकत प्रांजलीला ठाऊक असावी म्हणून लिहिते. माझ्या सासऱ्यांचे वडील निजामाच्या राज्यात मेंढरं घेऊन या माळावर उतरले. सकाळी कळप हलेना. मेंढ्यांनी एका जागी खुरांनी माती उकरली होती आणि तिथंच नाकं लावून बसल्या होत्या. माती ओली होती. त्यांनी तिथं मुक्काम टाकला आणि खणायला घेतलं. पण त्याआधी काळ्या दगडाची एक अख्खी शिळा ओढून आणली आणि जनावरांसाठी डोण कोरली. लोक हसले. पाण्याचा पत्ता नाही आणि हा बाबा डोण कोरतोय. पाणी लागलं तेव्हा हसणारेच हंडे घेऊन आले. मग त्यांच्या झोपड्या इथंच पडल्या आणि गावाला नाव मिळालं डोणवाडी. दांडगे मंडळी आज गावचे मोठे शेतकरी आहेत, पण तेही आमच्या विहिरीच्या मागून आलेत. हे मी भांडणात शंभरदा बोललेय, इथं एकदा शांतपणे लिहून ठेवते.

रोज सकाळचा पहिला उपसा डोणीत पडायचा. मग माणसांचे हंडे. मेंढरं आमचीच असली पाहिजेत असं नव्हतं. वाटेनं जाणारा कुणाचाही कळप, गावातली ढोरं, कुत्री, चिमण्या, जो येईल तो पिऊन जायचा. नवी नवरी घरात आली की तिनं पहिली घागर इथली न्यायची. बाळंतीण सव्वा महिन्यानं लेकरू घेऊन यायची, आसरांना हळदकुंकू वाहायची, विहिरीला खणानारळ द्यायची, मगच घरातल्या पाण्याला हात लावायची. प्रांजलीला घेऊन मेघा आली होती. प्रांजली एवढी रडली की अजिनाथनं ओंजळीत पाणी घेऊन तिच्या कपाळाला लावलं. तेव्हा गप्प बसली.

बहात्तरच्या दुष्काळात मी नवी सून होते. कोसाकोसांवरून बाया यायच्या. विहीर तळाला गेली पण आटली नाही. तोवर बौद्धवाड्यातल्या बायांनी खाली हंडा धरायचा आणि आमच्यातल्या कुणीतरी वरून ओतायचं, अशी गावाची पद्धत होती. लाज वाटावी अशीच होती, पण होती. त्या उन्हाळ्यात माझ्या सासूबाई दगडाबाई यांनी विहिरीचा दोर सरळ साळव्यांच्या म्हातारीच्या हातात दिला. म्हणाल्या, "घे, तूच ओढ. माझे हात दुखतेत." हात काही दुखत नव्हते. अर्ध्या गावानं आमच्या विहिरीवर यायचं बंद केलं. मी घाबरले. सासूबाई म्हणाल्या, "रुसू दे की. तहान लागली म्हंजी येतेल." आले.

कलम ५. अजिनाथ कसा गेला ते मी आजवर कुणापुढं धड बोललेली नाही. गावानं आपापल्या सोयीनं सांगितलं. वकीलबाई म्हणाल्या, याची गरज नाही. गरज आहे. पुढची कलमं यावरच उभी आहेत.

त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. मे महिन्यात पाणी इतकं खाली गेलं की वरच्या मोटारीचा पाइप पुरेना, आणि लाइट तर रात्री कधीतरी यायची. आप्पासाहेबांची मोसंबी जळायला लागली. त्यांनी डिझेल इंजिन विहिरीच्या आतच उतरवायचं ठरवलं, पाण्याजवळच्या दगडी टप्प्यावर. पाणी घ्यायला आमची ना नव्हती. अजिनाथ त्यांना एवढंच म्हणाला, "काका, पाणी कितीबी न्या, पण इंजिन आत नका उतरवू. धूर कुठं जाईल?"

आप्पासाहेब म्हणाले, "वर जाईल, कुठं जाईल? दोन तासाचं काम हाय पोरा. बाग मरायली माझी."

अजिनाथ पुढं बोलला नाही. मोठ्या माणसाला एकदा सांगायचं, दुसऱ्यांदा सांगितलं की उद्धटपणा होतो, असं मीच त्याला शिकवलं होतं.

इंजिन सुरू झालं. धूर विहिरीतच बसला. थोड्या वेळानं इंजिन अडखळायला लागलं तसा आप्पासाहेबांचा मुलगा सुदर्शन ते बघायला खाली उतरला आणि टप्प्यावरच बसला. हाका मारल्या तर मान वर करेना. अजिनाथ डोणीवर मेंढरं पाजत होता. त्यानं उपरणं डोणीत बुडवलं, तोंडाला बांधलं आणि दोर घेऊन खाली गेला. मी "अजिनाथ" एवढंच ओरडले. त्यानं वर बघून हात केला, येतो म्हणून.

त्यानं इंजिन बंद केलं. आवाज थांबला तो सगळ्यांनी ऐकला. मग दोराला हिसके बसले. ओढा, असा त्याचा अर्थ. रहाटावर सगळ्यात पुढं मी होते, माझ्यामागं पाचसहा बाया आणि आप्पासाहेब. दोर जड लागला. माझं लेकरू येतंय, असं मला वाटलं. अगदी शपथेवर सांगते, दोर ओढताना मला आनंद झाला होता. कठड्यावर आधी हात आला, मग डोकं आलं. तो सुदर्शन होता. त्याच्या काखेखालून दोर बांधलेला होता, अजिनाथची गाठ.

मी दोर सोडला नाही. हे गावानं कधी मोजलं नाही म्हणून इथं लिहिते. माझ्या हातात दुसऱ्याचं पोर होतं, माझं खाली होतं, आणि तरी सुदर्शन पुरता वर येऊन जमिनीला लागेपर्यंत मी दोर धरून ठेवला. मग दोर पुन्हा खाली टाकला. हाका मारल्या. दोर हलला नाही. आप्पासाहेबांनी स्वतः उतरायला पाय टाकला, चौघांनी त्यांना धरून ठेवलं. शेंद्र्याहून अग्निशामकाची गाडी येईपर्यंत अजिनाथ टप्प्यावरून पाण्यात गेला होता.

कलम ६. आमच्या गावची एक रीत आहे. वकीलबाईंना माहीत नव्हती, म्हणून फोडून लिहिते. विहिरीत माणूस गेलं तर गाव मिळून विहीर पुरती उपसतं आणि नवं पाणी भरू देतं. मग ज्या घरचं माणूस गेलं त्या घरातल्या थोरल्यानं त्या पाण्याचा पहिला घोट घ्यायचा. त्यानं घेतला की विहीर मोकळी झाली. तोवर गावातलं कुणी ते पाणी तोंडाला लावत नाही. जनावरांना ही रीत लागत नाही. मी नवी होते तेव्हा परटाची पोर पाय घसरून गेली होती. तिच्या बापानं तांब्या तोंडाला लावला, घोट गिळला आणि तिथंच खाली बसला. त्याच्या मागं सगळं गाव प्यालं. मला तेव्हा वाटलं होतं, कसा काय पितो हा माणूस.

अजिनाथच्या तेराव्यानंतर गावानं विहीर उपसली. त्या दुष्काळात सुद्धा झरे आले. माणसं तांब्या घेऊन माझ्या दारात आली. पुढं आप्पासाहेब होते. म्हणाले, "वहिनी, घोट घ्या. गाव खोळंबलंय."

मी तांब्या घेतला आणि त्यांच्या पायाशी पालथा केला.

त्या दिवसापासून डोणवाडी टँकरचं आणि जारचं पाणी पितं. विहीर काठोकाठ असते तेव्हाही पितं. लोक मला काय काय म्हणाले ते सगळं माझ्या कानावर आलंय. खडूस म्हणाले, चेटकीण म्हणाले, मेलेल्या पोराच्या नावावर गावाला तहानेनं मारते म्हणाले. शिकलेली पोरं म्हणाली, ही अंधश्रद्धा आहे, मोटार बसवा आणि प्या. पण मोटार बसवायला त्यांच्यातलाही कुणी पुढं आला नाही. आपल्या रीतीला माणूस हसतो आणि तिच्या पलीकडं पाऊलही टाकत नाही, असे आम्ही सगळे.

मी का नाही प्याले? मला विचारायला कुणी आलं नाही, म्हणून सांगितलं नाही. विहीर उपसली हे मला दिसलं होतं. अजिनाथ ज्या पाण्यात होता ते पाणी माळावर सोडलं, जमिनीनं पिऊन टाकलं. नवं पाणी नवं होतं, सगळं कळत होतं. पण घोट घेतला असता तर अजिनाथ गेला यावर मी अंगठा केला असं झालं असतं. बाकीच्या सगळ्यांनी केला. पंचनाम्यावर पोलिसांनी केला, दाखल्यावर ग्रामपंचायतीनं केला, शिवानं केला, मेघानं कुंकू पुसून केला. एकटी मी उरले होते. मला वाटायचं, आई करत नाही तोवर थोडं काहीतरी बाकी आहे. काय बाकी आहे ते मला सांगता येणार नाही. 

कलम ७. आप्पासाहेब भीमराव दांडगे यांना माझ्या मिळकतीतलं काहीही द्यायचं नाही. त्यांनी पाठवलेलं गव्हाचं पोतं मी तेव्हाच परत केलं. चुकलो, हा शब्द त्यांनी आजतागायत उच्चारलेला नाही, आणि ते मी विसरणार नाही.

पण खोटं लिहायचं नाही म्हणून हेही लिहिते. शेताला पाणी द्यायला कुणाच्या घोटाची गरज नव्हती, रीत फक्त पिण्याची आहे. पाणी वर आलं तसे आप्पासाहेब मोटार लावून मोसंबी वाचवू शकत होते. लावली नाही. बाग माझ्या डोळ्यासमोर वाळली. उन्हात बांधावर उभे राहून ते नुसते बघायचे. मी इकडून बघायचे. दोन वर्षांखाली ग्रामसभेत ठराव आला की बानाबाईला वगळून विहीर ताब्यात घ्यावी. सुकेशनी साळवे, आमची अंगणवाडीची बाई, हिनं मला येऊन सांगितलं की आप्पासाहेब उठून म्हणाले, "तिनं घोट घेतल्याबिगर माझ्या घरचं कुणी पिणार नाय. ज्याला प्यायचं त्यानं खुशाल प्यावं." मग कुणीच हात वर केला नाही. मला ते ऐकून बरं वाटलं नाही. राग धरायला सोपं होतं, ते यांनी अवघड करून ठेवलं.

कलम ८. प्रांजलीला विहीर देते ती या अटींवर. विहीर व डोण विकू नये, गहाण टाकू नये, टँकरवाल्याला भाड्यानं देऊ नये. सकाळचा पहिला उपसा डोणीत. गावातल्या कुठल्याही वाड्यातल्या कुठल्याही माणसाला ना म्हणू नये. इंजिन आत उतरवू देऊ नये, कितीही मोठ्या माणसानं सांगितलं तरी, आणि एकदा सांगून ऐकलं नाही तर शंभरदा सांगावं. उद्धट म्हणाले तर म्हणू द्यावं.

वकीलबाई म्हणतात, कधीच विकू नये ही अट कोर्टात टिकत नाही. नसेल टिकत. माझी नात टिकवील. प्रांजली, तुझ्या लेकराला घेऊन तू आसरांना ये. हल्ली आपल्या गावातल्या बाळंतिणी प्लास्टिकच्या टाकीला हळदकुंकू लावतात. सुदर्शनच्या बायकोला, मोनिकाला, मी मागच्या उन्हाळ्यात तसं करताना पाहिलं. टाकी रिकामी होती. तिनं नारळ फोडला, त्याचं पाणी टाकीवर शिंपडलं आणि माझ्या घराकडं न बघता गेली. त्या दिवशी मला भाकरी गेली नाही.

कलम ९. माझ्या बाजेखाली एक दोर गुंडाळून ठेवलेला आहे. त्याच्या टोकाला अजिनाथनं मारलेली गाठ आहे. ती मी सुटू दिलेली नाही. हा दोर सुदर्शन आप्पासाहेब दांडगे याला द्यावा.

सुदर्शनबद्दल सांगते. अजिनाथच्या मागं मेंढरांना पाणी कोण पाजणार, हा विचार करायच्या आतच सकाळी रहाट वाजला. मी पडल्यापडल्या बघितलं. सुदर्शन डोण भरत होता.  तेव्हापासून तो रोज येतो. मोठ्या शेतकऱ्याचा पोरगा धनगराच्या मेंढरांना पाणी पाजतो म्हणून त्याला पोरं "मेंढक्या" म्हणून चिडवतात. अजिनाथच्या हातचा रहाट सलग वाजायचा, हा मधेमधे थांबून ओढतो. त्याची छाती त्या धुरानंतर पहिल्यासारखी राहिली नाही. इतकी वर्षं मी त्याला एक शब्दही बोलले नव्हते. तू का वर आलास, हाच शब्द पहिला तोंडात यायचा, म्हणून तोंड बंद ठेवायचे. त्याचा दोष नव्हता हे मला कळतं. कळून उपयोग नसतो.

या मे महिन्यात ऊन फार होतं. सुदर्शननं डोण भरली, दोन्ही हात कोपरापर्यंत ओले, घाम गळत होता. पाण्याकडं त्यानं नुसतं बघितलं. मग ओले हात विजारीला पुसले आणि पिशवीतली बाटली काढली. बाटलीत घोटभर जारचं पाणी होतं, तेवढ्यात त्याचं भागलं नाही. रिकामी बाटली त्यानं उलटी करून बघितली. समोर डोण काठोकाठ भरलेली. मेंढरं पीत होती आणि हा उभा होता. माझ्या अजिनाथनं ज्याला वर पाठवलं तो माझ्या दारात तहानेला उभा होता, माझ्यामुळं. मी बाजेवर उठून बसले आणि पदर तोंडात कोंबून रडले. अजिनाथ गेला त्या दिवशी पण अशी रडले नव्हते.

दिवाळीनंतर मी प्रयत्न करून बघितला. मेघा कंपनीत गेलेली होती. स्वतः एक तांब्या ओढला, उन्हात बसले, ओठाला लावला. पाणी गार होतं. वास तोच, दगडाचा. याच पाण्यात मी तान्ह्या अजिनाथला सव्वा महिन्यानं न्हाऊ घातलं होतं. ओठ उघडले नाहीत. तांब्या खाली ठेवला. पाणी मेंढरांना घातलं.

म्हणून आता जे लिहिते ते माझं शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं सांगणं आहे. बाकीची कलमं कोर्टानं मोडली तरी चालतील, हे मोडू नये.

माझी शेवटची घटका येईल, मी माणसं ओळखायची बंद होईन, तेव्हा सुदर्शनला बोलवावं. त्यानं याच दोरानं आमच्या विहिरीचं पाणी काढावं आणि माझ्या तोंडात घालावं. तुळशीचं पान शिवशंकरनं ठेवावं, पण पाणी सुदर्शननं. शिवा, तू त्याला अडवू नको. गंगेची बाटली फडताळात आहे, ती तशीच राहू द्या. डॉक्टरांचं मोजमापही तेव्हा धरू नका. हाच पहिला घोट. तो गिळला गेला नाही, ओठावरून ओघळला, तरी बानाबाईनं घेतला असंच गावानं धरावं. त्यानंतर लगेच, माझे डोळे मिटायच्याही आधी, सुदर्शननं स्वतः प्यावं. पोटभर प्यावं. मग त्यानं डोण भरावी आणि गावाला हाळी द्यावी. माझं सुतक विहिरीला लावू नये. त्या दिवशी कुणी टँकर बोलावू नये.

वकीलबाईंनी विचारलं, "आजी, मग आजच का नाही? आज तुम्ही पूर्ण शुद्धीत आहात."

मी म्हणलं, "म्हणूनच नाही. कागद शुद्धीत करायचा असतो, तो मी केला. घोट मला शुद्धीत जमत नाही."

कलम १०. यापूर्वी मी कसलंही मृत्युपत्र केलेलं नाही. यात पुढं बदल करायची माझी इच्छा नाही आणि तेवढा वेळही नाही.

वरचा सगळा मजकूर वकीलबाईंनी मला व दोन्ही साक्षीदारांना मोठ्यानं वाचून दाखवला. एक साक्षीदार म्हणून आप्पासाहेबांनाच बोलवा, असा हट्ट माझा होता. तांब्या पालथा केला त्या दिवसानंतर ते आज पहिल्यांदा माझ्या उंबऱ्याच्या आत आले. कलम पाच चालू असताना ते उठून ओट्यावर गेले. परत आले तेव्हा डोळे लाल होते. कलम नऊ ऐकल्यावर म्हणाले, "वहिनी, त्यानं मला सांगितलं व्हतं. धूर कुठं जाईल म्हणून. म्या ऐकलं नाय." त्यांनी हे म्हणायला एवढी वर्षं लावली. मी वकीलबाईंना म्हणलं, हे लिहून घ्या. मग सुदर्शनला डोणीवरून आत बोलावलं आणि त्याचं कलम त्याला वाचून दाखवलं. तो दारातच उभा राहिला. म्हणाला, "काकू, मला भ्या वाटतं." मी म्हणलं, "मलाबी." आमचं हे पहिलं बोलणं.

ठिकाण: डोणवाडी, विहिरीसमोरचं घर
दिनांक: १४ डिसेंबर २०२५

मृत्युपत्र करणार: बानाबाई कडूबा सोन्नर, डाव्या हाताचा अंगठा

साक्षीदार १: आप्पासाहेब भीमराव दांडगे, शेतकरी, सुदर्शनचे वडील (सही)

साक्षीदार २: सुकेशनी साळवे, अंगणवाडी सेविका. दगडाबाईंनी जिच्या हातात दोर दिला तिची नात, हे बानाबाईंच्या सांगण्यावरून लिहिलं (सही)

लेखन करणार: सोनिया, वकील, गारखेडा (सही)

कलम नऊ मला वाचून दाखवलं. मान्य आहे. काकूंच्या तोंडात पाणी मी घालीन. तोवर मीबी पिणार नाही. पण काकू, घाई करू नका, मला तहान सोसायची सवय झालीय.
सुदर्शन आप्पासाहेब दांडगे (सही)